शाळा सुटते तेव्हा सूर्य डोक्यावर असतो

दोन खोल्यांची शाळा, वर पत्रा, समोर उघडं पटांगण. वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात मी अख्खी सकाळ या शाळेत बसून काढली. सात वाजता परिपाठ झाला तेव्हा हवा बरी होती. साडेनऊच्या सुमारास डोक्यावरून तडतड आवाज यायला लागला. ऊन चढलं की पत्रा ताणतो आणि खिळ्यांशी कुरकुरतो, तो हा आवाज. मुलांना सवय असावी, एकानेही वर पाहिलं नाही. खिडकीतून आलेला उन्हाचा पट्टा सरकेल तशा कडेच्या मुली बसकरपट्टी ओढत जागा बदलत होत्या. मॅडमनी बादलीभर पाणी फरशीवर शिंपडलं. पेपराचं एक पान लिहून होईपर्यंत फरशी कोरडी. "मॅडम, डोकं दुखून राह्यलं," दुसरीतला एक मुलगा म्हणाला. त्यांनी त्याला माठाशेजारी नेऊन बसवलं. पंख्याखाली बसवण्यात अर्थ नव्हता, कारण पंखा पत्र्याखालची तापलेली हवाच खाली ढकलत होता.

सव्वाअकराला घंटा झाली. तिसरीतल्या एका मुलीने दप्तर पाठीवर न घेता डोक्यावर घेतलं, धाकट्या भावाचा हात धरला आणि ती निघाली. तिची वस्ती दोन किलोमीटरवर. शाळेपासून रस्त्यापर्यंत दोन बाभळी आहेत, तिथवर ती सावलीसावलीने गेली. पुढे डांबराचा रस्ता लागतो. भावाच्या पायातल्या चपलेचा अंगठा तुटलेला होता, तो एक पाय टाचेवर टेकवत चालत होता. ती दोघं नजरेआड होईपर्यंत मी दारात उभी राहिले. त्या दिवसापासून 'सकाळची शाळा' हे शब्द मला पूर्वीसारखे ऐकू येत नाहीत.

मार्च २०२५ मध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने उन्हाळ्यासाठी प्राथमिक शाळांची वेळ सकाळी सात ते सव्वाअकरा आणि माध्यमिक शाळांची सात ते पावणेबारा ठेवायला सांगितलं. हेतू चांगलाच होता. पण विदर्भात सूर्य माथ्यावर येतो तो सव्वाबाराच्या सुमारास. म्हणजे मूल वर्गात असताना जरा निभावतं, आणि ऊन सर्वांत कडक व्हायला लागतं नेमकं तेव्हा आपण त्याला रस्त्यावर सोडतो. त्याच वर्षी पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा २५ एप्रिलपर्यंत लांबवल्या गेल्या. त्या शेवटच्या आठवड्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे पारा ४५ अंशांच्या वर गेला होता.

उन्हाळ्यात आपण मुलांना जपतो ते दोन मार्गांनी: एक सुट्टी, दुसरा सल्ला. शाळा लवकर सोडा, लवकर बंद करा. मुलांना भरपूर पाणी द्या, डोक्याला रुमाल बांधा, दुपारी बाहेर पाठवू नका. हे सल्ले खोटे नाहीत. कांद्याचं, पन्ह्याचं, ताकाचं शहाणपण आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. पण या दोन्ही मार्गांचा शेवट एकाच ठिकाणी होतो: आईपाशी. आणि त्या आईच्या डोक्यावरही पत्राच असतो, किंवा ती त्या वेळी दुसऱ्याच्या शेतात असते. उन्हापासून मुलाला राखायचं काम आईच्या पदराने व्हायचं नाही. ते छपराचं, ओसरीचं, झाडाचं आणि घड्याळाचं काम आहे, म्हणजेच गावाचं आणि सरकारचं. माझं म्हणणं इतकंच आहे की गावातलं सर्वांत थंड छप्पर शाळेचं आणि अंगणवाडीचं असलं पाहिजे.

याची गरज का आहे हे समजायला आधी बातम्यांमधला आकडा समजून घ्यावा लागतो. हवामान विभाग तापमान मोजतो ते पांढऱ्या, झडपांच्या, हवेशीर पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर. तो सावलीतल्या हवेचा आकडा असतो. पहिलीतलं मूल स्वतःच जेमतेम तेवढ्या उंचीचं. खाली मांडी घालून बसलं की त्याचं डोकं त्याच्या निम्म्यावर येतं, तापलेल्या फरशीच्या आणि धुळीच्या जवळ. वरून पत्रा धग टाकत असतो, ती या आकड्यात येत नाही. पेटीतला पारा ४३ सांगतो तेव्हा त्या मुलाच्या अंगाला काय लागत असतं हे कुणीच मोजलेलं नसतं.

शिवाय 'उष्णतेची लाट' ही ठरलेली व्याख्या आहे. सपाट प्रदेशात पारा ४० च्या वर आणि नेहमीच्या सरासरीपेक्षा निदान साडेचार अंश जास्त, किंवा मग सरळ ४५ च्या पुढे, तेव्हा ती लाट. जिथे मे महिन्यात ४३ हेच नेहमीचं, तिथे ४४ ला लाट म्हणत नाहीत. त्या दिवशी इशारा नसतो, बातमी नसते, मूल मात्र त्याच ४४ मध्ये असतं. किनारपट्टीचं गणित वेगळं. तिथे ३७ पासून लाट धरतात, कारण दमट हवेत घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही तर अंग निवत नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानातल्या पुरस्कार सोहळ्यात तासन्‌तास उन्हात बसलेल्यांपैकी १४ माणसं गेली, तेव्हा जवळच्या केंद्रावर तापमान होतं ३८ च्या आसपास. ती मोठी माणसं होती. मुंबई-ठाण्यापासून गोव्यापर्यंतच्या शाळांनी क्रीडादिनाचं आणि कवायतीचं वेळापत्रक आखताना हा दिवस आठवावा.

मुलाचं शरीर मोठ्या माणसापेक्षा वेगळं वागतं. वाटीतलं दूध पातेल्यातल्या दुधापेक्षा लवकर निवतं आणि निखाऱ्यावर ठेवलं तर लवकर तापतं, तसंच हे आहे. वजनाच्या मानाने मुलाची कातडी जास्त, त्यामुळे हवा अंगापेक्षा गरम झाली की उष्णता त्याच्यात भराभर शिरते. त्याला घाम कमी येतो. खेळाच्या नादात तहान लागलेली कळत नाही, आणि तान्ह्याला तर ती सांगताच येत नाही. ते फक्त किरकिर करतं, आणि आपण म्हणतो, आज फार त्रास देतंय.

तान्ह्यांवरून मला अहमदाबादची गोष्ट सांगायची आहे, कारण या सगळ्या विषयात इतकी साफ गोष्ट दुसरी मला माहीत नाही. मे २०१० मध्ये त्या शहरात उन्हाची भयंकर लाट आली. त्या एका महिन्यात नेहमीच्या मानाने १,३४४ मृत्यू जास्त झाले. महापालिकेच्या शारदाबेन रुग्णालयात नवजात बाळं तापाने फणफणून, कोरडी पडून अतिदक्षता विभागात येऊ लागली. डॉक्टरांच्या लक्षात आलं की बाळंतिणींचा कक्ष इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर, तापणाऱ्या गच्चीच्या थेट खाली होता. तो कक्ष खालच्या मजल्यावर हलवला. पुढे या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं ते असं: ४२ अंशांपुढे पारा एकेका अंशाने चढला की उष्णतेमुळे दाखल होणारी बाळं ४३ टक्क्यांनी वाढत होती, आणि कक्ष खाली आणल्यावर असं दाखल होण्याचं प्रमाण ६४ टक्क्यांनी घटलं. नवं औषध आलं नव्हतं, यंत्र आलं नव्हतं. आयांना कुणी भाषण दिलं नव्हतं. खाटा जिने उतरून खाली आल्या होत्या.

त्या खाटांवरच्या आया आपल्या बाळांची काळजी आधीही घेतच असणार. आपल्याकडेही बाळंतिणीला आणि बाळाला टोपडं, दुपटं, शेक-शेगडी असं सगळं केलं जातं ते मायेपोटीच, आणि मे महिन्यात ते बंद करायला घरातल्या म्हाताऱ्या माणसांना समजावून सांगणं हेही काम आहेच. पण गच्चीच्या खाली ठेवलेलं बाळ कितीही मायेने सांभाळलं तरी ते गच्चीच्या खालीच राहतं.

२०१३ मध्ये अहमदाबादने देशातला पहिला शहरी उष्णता कृती आराखडा केला. पाठोपाठ नागपूरसह अनेक शहरांनी तो कित्ता गिरवला. या आराखड्यांचं मोल मी कमी लेखत नाही. धोक्याचे रंग ठरले, दवाखान्यांत खाटा राखल्या गेल्या, बागा दुपारी उघड्या राहू लागल्या. पण हे आराखडे शहरांचे आहेत आणि पत्र्याची शाळा खेड्यात असते.

इथे मला नेहमी एक उत्तर ऐकायला मिळतं. "आम्ही नाही का वाढलो उन्हातान्हात? काही झालं आम्हाला?" हे बोलणारी माणसं वाईट नसतात, त्यांच्या आठवणी खऱ्या असतात. पण त्या आठवणीतली शाळा आठवून पाहावी. कौलारू छप्पर, त्याखाली लाकडी आढी, मातीच्या जाड भिंती, समोर पडवी. मराठवाड्यात माळवदाची घरं होती, दुपारी आत गेलं की डोळ्यांना अंधारी यावी इतका गारवा. मुलांच्या गणवेशात पांढरी टोपी असायची आणि तिच्याकडे कुणी शोभेची वस्तू म्हणून पाहत नव्हतं. कौलं फुटायची, माकडं नाचायची, म्हणून ती काढून पत्रे घातले. ते सोयीचं होतं, हे मला मान्य आहे. पण त्या सोयीत गारवा गेला आणि त्याची जागा कशानेच भरली नाही. टोपी जाऊन टेरिकॉटचा शर्ट, टाय आणि काळे बूट आले. ऊनही तेच राहिलेलं नाही, रात्री अंगणात बाज टाकली तरी आता पहाटेपर्यंत हवा उतरत नाही. आणि 'काही झालं नाही' असं म्हणणारे म्हणजे जे राहिले ते. ताप येऊन दोन दिवसांत गेलेलं मूल त्या काळी 'देवाने नेलं' या एका वाक्यात संपायचं.

उन्हाचा विचार करताना आपल्याकडे आणखी एक भीती मुलांच्या, विशेषतः मुलींच्या मनात घातली जाते: काळी पडशील. मी लहानपणी हे इतक्यांदा ऐकलं आहे की उन्हाचं नाव निघालं की आजही आधी तेच आठवतं. या भीतीने आपलं फार नुकसान केलं आहे. एकीकडे उन्हात खेळणंच बंद झालं, आणि ड जीवनसत्त्व तर मुख्यतः उन्हातूनच मिळतं. ते कमी पडलं तर हाडं मऊ राहतात, मुडदूस होतो. दुसरीकडे खरा धोका विसरला गेला. गोरं राहण्याचं मलम लावलेली मुलगी भर दुपारी कवायतीच्या मैदानावर उभी राहू शकते आणि आपल्याला त्यात काही वावगं दिसत नाही.

ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या मराठी घरांतून कुणी सुट्टीला आलं की मुलांच्या टोप्या पाहून इथले लोक कौतुक करतात. तिथल्या बहुतेक प्राथमिक शाळांत 'टोपी नाही तर मैदानात खेळ नाही' असा नियम असतो. १९८१ मध्ये त्या देशात शर्ट चढवा, मलम लावा, टोपी घाला अशी मोहीम सुरू झाली, कारण फिकट कातडीच्या लोकांत कातडीच्या कर्करोगाचं प्रमाण तिथे भयानक होतं. आपल्या सावळ्या कातडीला त्या रोगापासून निसर्गाने बरंच संरक्षण दिलेलं आहे. म्हणून त्यांचं मलम जसंच्या तसं उचलून आणणं हे आपल्या उन्हाचं उत्तर होत नाही. डोळ्यांना मात्र असं संरक्षण नसतं. मुलांच्या डोळ्याचं भिंग स्वच्छ, त्यामुळे अतिनील किरण मोठ्या माणसांच्या डोळ्यांपेक्षा खोल जातात. आणि सावळी कातडी धगीला अडवत नाही. तिथल्या लोकांकडून घ्यायचं ते वेगळंच आहे. त्यांनी टोपी आईच्या आठवणीवर सोडली नाही, शाळेच्या नियमात घातली, आणि खेळायच्या जागेवर सावली धरली.

पाण्याचंही असंच. केरळमध्ये २०१९ मध्ये शाळांत पाण्याची घंटा वाजू लागली. घंटा झाली की सगळ्यांनी पाणी प्यायचं. पुढे इतर राज्यांनीही ती उचलली, आपल्याकडेही तिचे आदेश निघाले. कल्पना सुरेख आहे. पण मी ज्या शाळेत बसले होते तिथल्या मोठ्या मुली घंटेला बाटली तोंडाला लावत आणि ओठ ओले करून खाली ठेवत. एकीला विचारलं तर ती काही बोलली नाही, शौचालयाकडे पाहिलं. दाराला कडी नव्हती आणि आत पाणी नव्हतं. सकाळी निघाल्यापासून घरी पोचेपर्यंत पाणी न पिण्याची ही शिस्त मुलींनी स्वतःची स्वतः लावून घेतलेली असते, आणि एप्रिलमध्ये ती जिवावर बेतू शकते. उष्माघाताच्या पत्रकात शौचालयाच्या कडीचा उल्लेख मी अजून पाहिलेला नाही. तो पहिल्या ओळीत हवा.

आता शिकण्याबद्दल. 'परीक्षा लांबवल्याने अध्यापनाचे दिवस वाढतात' हा युक्तिवाद मला पटत नाही, कारण तापलेल्या खोलीतला दिवस हा पूर्ण दिवस नसतो. अमेरिकेतल्या लाखो विद्यार्थ्यांच्या परीक्षांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या शाळांत वातानुकूलन नव्हतं तिथे वर्ष एक फॅरनहाइट अंशाने जास्त उष्ण गेलं की त्या वर्षीचं शिकणं सुमारे एका टक्क्याने घटत होतं. आपल्या पत्र्याखाली काय घटत असेल याचा अंदाज माठाशेजारी डोकं टेकवून बसलेल्या त्या मुलाकडे पाहून यावा.

मग शाळा एप्रिलच्या सुरुवातीलाच बंद करावी का? पुष्कळ पालकांची ही मागणी आहे आणि तिच्यामागचं दुखणं मला कळतं. परीक्षा विदर्भ-मराठवाड्यात आणि खानदेशात मार्चअखेर संपवाव्यात, हे मला मान्य आहे. विदर्भातल्या शाळा जूनमध्ये उर्वरित राज्यापेक्षा उशिरा उघडतात, म्हणजे सगळ्या राज्याला एकच वेळापत्रक लागतं असं काही नाही. पण दार बंद करून सगळं भागत नाही. शाळा बंद झाली की मूल जातं कुठे? चार बाय पाच पावलांच्या पत्र्याच्या खोलीत. ऊसतोडीचा हंगाम लांबला तर तिथे गेलेल्यांची मुलं तेव्हाही कोप्यांत असतात. वीटभट्टीवरच्यांचा हंगाम पावसापर्यंत चालतो. तिथली मुलं भट्टीच्या धगीत, राखेत आणि धुरातच दिवस काढतात आणि आठ-नऊ वर्षांची झाली की कच्च्या विटा पालथ्या घालू लागतात. त्यांना सुट्टी देणं म्हणजे उन्हात पाठवणं. त्यांच्यासाठी बंद शाळेपेक्षा थंड शाळा मोलाची आहे. लिहिण्या-वाचण्याचे तास साडेनऊ-दहापर्यंत संपवावेत, ज्यांचं घर जवळ आहे आणि घरात माणूस आहे त्यांनी ऊन चढायच्या आत जावं, बाकीच्यांनी ऊन उतरेपर्यंत तिथेच थांबावं. जेवावं, झोपावं, गोष्टीची पुस्तकं वाचावीत. हा भार शिक्षकांवर फुकटात टाकायचा नाही. त्यांच्यामागे आधीच निवडणुकांपासून जनगणनेपर्यंत सगळी कामं आहेत. गावातल्या दोन तरुण मुलींना उन्हाळ्याच्या अडीच महिन्यांचं मानधन दिलं तर हे होतं.

आणि थंड छप्पर ही काही दूरची गोष्ट नाही. स्लॅब असेल तर चुन्याचा जाड हात, पत्रा असेल तर पांढरा परावर्तक रंग. एवढ्याने खोलीतली हवा दोन ते पाच अंशांनी उतरल्याचा अनुभव ठिकठिकाणी आला आहे. तेलंगणाने २०२३ मध्ये यासाठी धोरणच केलं. चुना पावसाळ्यात धुऊन जातो, तो दरवर्षी द्यावा लागतो, हे आधीच धरून चालावं. पत्र्याच्या खाली वीतभर पोकळी सोडून बांबूचे तट्टे मारले तर वरची धग डोक्यावर येत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीत बांबू आहे आणि तट्टे विणणारे बुरूडही आहेत. आमच्याकडे शेतकरी उन्हाळा लागला की गोठ्याच्या पत्र्यावर तुराट्या आणि कडबा टाकतो, जनावराला धग लागू नये म्हणून. हे ज्ञान घरोघरी आहे. मी त्या शाळेतून परतताना वाटेत असे तीन गोठे मोजले.

झाडांचं दुखणं वेगळं आहे. शाळेत झाडं लावली जातात जूनमध्ये, फोटो निघतात, रोप पावसावर वाढतं. पुढच्या मे महिन्यात शाळा बंद, पाणी घालायला कुणी नाही, आणि पहिल्याच उन्हाळ्यात ते जळून जातं. त्या पटांगणात मला असे सहा खड्डे दिसले, प्रत्येकाभोवती काट्यांचं कुंपण शाबूत. ज्या शाळेत दुपारी मुलं असतील तिथे मेमध्ये झाडालाही पाणी मिळेल. पाच-सहा वर्षांत कडुनिंब वर्गाच्या खिडकीवर सावली धरतो.

हे सगळं एप्रिलमध्ये सुचून उपयोग नाही. २६ जानेवारीला ग्रामसभा भरते तेव्हा ऊन कोवळं असतं, माणसं पाठ तापवत पटांगणात उभी असतात, शाळेच्या पत्र्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. विषय त्या दिवशी मांडावा लागतो: रंग कुणी आणायचा, तट्टे किती लागतील, शौचालयाला कडी कधी बसेल, मे महिन्यात किल्ली कुणाकडे राहील. होळीच्या आत रंगाचा हात द्यावा. होळी पेटून गेली की ऊन तापायला लागतं, आणि मग पत्र्यावर पाय ठेवता येत नाही.